शंभर मार्कांच्या नोटेवरची बाई

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी घातल्या आहेत आणि मध्येच पाण्याच्या टाकीवर झालेली चर्चा गाळली आहे.)



व्याख्यानमालेत माझं नाव जाहीर झालं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की मी 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' या विषयावर बोलणार. लिफ्टमध्ये दोघांनी मला मुदत ठेवीचे दरही विचारले. त्यांची निराशा होणार आहे. मी आज बोलणार आहे युरोपातल्या काही बायकांबद्दल. त्यांनी व्हायोलिन, चेलो, पियानो यांच्यासाठी उत्तम संगीत लिहिलं आणि त्यांचं नाव दीड-दोनशे वर्षं कोणी फारसं घेतलं नाही. बँकेतला माणूस या विषयाकडे कसा आला, हे आधी सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला काय सुचेल सांगता येत नाही.

तर, आलो तो एका नोटेमुळे. १९९२ च्या सुमारास माझी बदली फोर्टातल्या शाखेत परकीय चलन विभागात झाली. काउंटरवर डॉलर, पौंड यायचे, तशी जर्मन मार्कांची पाकिटंही यायची. एके दिवशी एका पर्यटकाने शंभर मार्कांची नवी नोट पुढे केली. निळसर रंगाची, आणि तिच्यावर एका तरुण बाईचं चित्र. केस मध्ये भांग पाडून चापून बसवलेले, नजर शांत. मागच्या बाजूला चक्क पियानो! खरी-खोटी पारखायची म्हणून नोट उजेडात धरली आणि मनात आलं, ही कोण? राणी असावी, तर मुकुट नाही. आमचे एक पारशी वरिष्ठ होते, पाश्चात्त्य संगीताचे वेडे. ते शेजारून म्हणाले, "अरे, ती क्लारा शुमान. पियानो वाजवायची. नवरा मोठा संगीतकार होता." मग जरा थांबून म्हणाले, "ती पण होती म्हणतात."

हे "पण होती म्हणतात" माझ्या डोक्यात राहिलं. देशाच्या मध्यवर्ती बँकेनं जिचं चित्र नोटेवर छापलं, तिच्याबद्दलही ऐकणारा माणूस आधी नवऱ्याचं नाव सांगतो. ही नोट १९९० मध्ये निघाली आणि युरो येईपर्यंत चालली. त्या साहेबांनी मला नंतर रेकॉर्डी ऐकवल्या, मॅक्सम्युल्लर भवनातल्या मैफलींना ओढून नेलं. पहिली दोन वर्षं मला काही कळलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. एकदा तर मी झोपलो होतो.

आता थोडं, 'चेंबर म्युझिक' म्हणजे काय ते. चेंबर म्हणजे खोली, दिवाणखाना. शंभर वादकांचा ताफा आणि पुढे काठी घेऊन उभा असलेला संचालक, हा प्रकार वेगळा. चेंबर संगीतात तीन, चार, पाच, फार तर नऊ माणसं बसतात. संचालक नाही. एकमेकांच्या डोळ्यांकडे, श्वासाकडे बघून वाजवायचं. दोन व्हायोलिनं, एक व्हियोला आणि एक चेलो असले की ते क्वार्टेट. पियानो, व्हायोलिन आणि चेलो असले की पियानो ट्रायो. आपल्या बैठकीची आठवण यावी असं वातावरण. फरक इतकाच की इथे सगळं आधीच कागदावर लिहिलेलं असतं. हा फरक लहान वाटतो, पण आजच्या विषयाचं मूळ त्यातच आहे. आपल्याकडे गाणं गळ्यातून गळ्यात जातं. तिकडे रचना टिकते ती कागदावर, आणि लोकांपर्यंत जाते ती छापली गेली तर. न छापलेली रचना म्हणजे घरातल्या ट्रंकेत पडलेली नोट. खरी आहे, पण चलनात नाही.

तुम्ही म्हणाल, दिवाणखान्यातलंच संगीत, मग बायकांना सोपंच गेलं असेल की. तसं नव्हतं. चांगल्या घरच्या मुलीनं पियानो वाजवावा, चार गाणी रचावीत, पाहुण्यांसमोर म्हणावीत, इथपर्यंत कौतुक होतं. पण क्वार्टेट, ट्रायो, सोनाटा हे 'गंभीर' काम. त्याला बुद्धी लागते, बांधणी लागते, आणि ती पुरुषांकडे असते, अशी समजूत. म्हणजे स्वयंपाकघरात रोजचं सगळं तिनं करायचं आणि लग्नाच्या पंगतीला मात्र आचारी बोलवायचा, तसं.

आता क्लारा. जन्म १८१९, लाइपझिग. वडील पियानोचे शिक्षक, कडक. वयाच्या नवव्या वर्षी ती जाहीर मैफलीत वाजवू लागली. रॉबर्ट शुमानशी लग्न करायचं तर वडिलांचा विरोध. दोघांनी कोर्टाची परवानगी मिळवली आणि १८४० साली, तिला एकविसावं लागायच्या आदल्या दिवशी लग्न केलं. अशी धीट मुलगी! पण हीच मुलगी विसाव्या वर्षी रोजनिशीत लिहिते की बाईने संगीतरचनेची इच्छा धरू नये, आजवर कुणा बाईला जमलं नाही, मग मलाच कसं जमेल. कोणी तिला असं सांगितलं म्हणून ती लिहीत नाहीये. हवेतच होतं ते.

लग्नानंतर घरात दोन संगीतकार, दोन पियानो आणि भिंती पातळ. आपल्या ए विंगमधल्या लोकांना वेगळं सांगायला नको. रॉबर्ट रचना करत बसला की क्लाराचा रियाज बंद. तो युरोपातला त्या काळातला एक श्रेष्ठ रचनाकार, आणि ती त्याच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध वादक. पण घरात तो 'काम' करायचा आणि ती 'वाजवायची'. १८४६ साली नवरा आजारी, घरात लहान मुलं, अशा दिवसांत तिने जी मायनर या स्वरातला पियानो ट्रायो लिहिला. त्याचा तिसरा भाग मी कितीतरी वेळा ऐकला आहे. पियानो आधी एकटाच एक साधी चाल म्हणतो, मग व्हायोलिन ती उचलतं, मग चेलो. कुठे दाखवेगिरी नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्टने स्वतःचा ट्रायो लिहिला, आणि तो ऐकल्यावर हिला आपला बायकी वाटायला लागला. तो ट्रायो आज जगभर वाजतो, पण हिने स्वतःच त्याला कमी गुण दिले.

१८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचला, पण मनोरुग्णालयातच दोन वर्षांनी गेला. क्लाराच्या पदरात सात मुलं. त्यानंतर तिने रचना जवळजवळ थांबवली आणि पुढची काही दशकं गावोगाव मैफली करून घर चालवलं. तिच्या जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिका तेराशेच्या वर आहेत. आपल्यातल्या ज्या बायकांनी नवऱ्यामागे घर ओढलं त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

क्लाराबद्दल लोक थोडंफार ऐकून असतात. माझा जीव जिच्यावर जडला ती दुसरी, फॅनी मेंडेल्सोन. जन्म १८०५, हॅम्बर्ग. आणि मंडळी, ती बँकरची मुलगी! वडील अब्राहम मेंडेल्सोन बर्लिनमधल्या घरच्या बँकेत भागीदार. आजोबा मोझेस मोठे तत्त्वज्ञ. अब्राहम गंमतीने म्हणायचे की आधी लोक मला माझ्या वडिलांचा मुलगा म्हणून ओळखत, आता माझ्या मुलाचा बाप म्हणून ओळखतात. मुलगा म्हणजे फेलिक्स मेंडेल्सोन, फॅनीपेक्षा तीन वर्षांनी धाकटा, विख्यात संगीतकार. मुलीचा बाप म्हणून ओळखायचा प्रश्नच नव्हता.

खरं तर दोघं भावंडं एकाच गुरूकडे शिकली. तेराव्या वर्षी फॅनीने वडिलांच्या वाढदिवसाला बाखचे चोवीस प्रील्यूड पाठ वाजवून दाखवले. कागद न बघता, चोवीस! पण ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी पत्र लिहिलं. आशय असा की संगीत हा कदाचित फेलिक्सचा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो फक्त एक दागिना राहील. आता हे अब्राहम काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मुलीवर खर्च केला, उत्तम शिक्षण दिलं. आम्हीही तेच केलं नाही का? मुलींना तबला-पेटीच्या क्लासला घातलं, विशारद होऊ दिलं, आणि स्थळं बघताना 'गाण्याची आवड' या रकान्यात ते लिहिलं.

१८२७ आणि १८३० साली फेलिक्सने गाण्यांचे दोन संग्रह छापले, प्रत्येकी बारा गाण्यांचे. त्या चोवीसपैकी सहा गाणी फॅनीची. नाव कुठेच नाही. पुढे १८४२ मध्ये फेलिक्स लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात गेला. व्हिक्टोरिया राणी त्याच्या गाण्यांची चाहती. ती म्हणाली, मी तुमचं एक गाणं म्हणून दाखवते, आणि तिने नेमकं निवडलं ते फॅनीचं! फेलिक्सला तिथे कबूल करावं लागलं की महाराणी, हे माझ्या बहिणीचं आहे. तो ही हकीकत घरी पत्रातून कळवतो. म्हणजे लपवायची त्याला इच्छा नव्हती. बहिणीवर त्याचा फार जीव होता, स्वतःची प्रत्येक नवी रचना तो तिला दाखवायचा, तिचं मत मानायचा. पण तिने स्वतःच्या नावाने छापावं का, असा प्रश्न आईने काढला तेव्हा त्याने कळवलं की मी तिला तसं करायला सांगणार नाही, ती घरसंसार बघते आणि तेच तिला महत्त्वाचं आहे. खाष्ट माणसाशी भांडता येतं हो. प्रेमळ माणसाशी कसं भांडणार?

१८३४ मध्ये फॅनीने एक स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं. भावाने बांधणी सैल आहे अशी टीका केली. तिने उत्तरात आपल्याच अंगी दम नाही असं लिहून टाकलं, आणि पुन्हा म्हणून क्वार्टेट लिहिलं नाही. ते एकमेव क्वार्टेट छापलं गेलं १९८० च्या दशकात, म्हणजे दीडशे वर्षांनी. मी ऐकलं आहे. त्याची सुरुवात अशी अधांतरी आहे की राग कोणता ते लगेच कळू नये, आणि ते तिने मुद्दाम केलंय. सैल नाही ते, मोकळं आहे.

नवरा मात्र वेगळा निघाला. विल्हेल्म हेन्सेल, चित्रकार. तिने लिहावं, छापावं म्हणून तो मागे लागायचा. बर्लिनच्या लाइपझिगर स्ट्रासेवरच्या घरात, बागेकडच्या दालनात, ती रविवारी सकाळी मैफली भरवायची. कलाकार ती ठरवणार, तालीम ती घेणार, पियानोवर ती, गायकवृंदाला इशारे तीच देणार. शंभर-दीडशे श्रोते यायचे, लिस्ट यायचा, १८४७ मध्ये क्लारा शुमानही येऊन गेली. जाहिरात नाही, तिकीट नाही, कारण हे 'घरगुती' होतं!

शेवटी १८४६ साली, चाळिशी उलटल्यावर, तिने धीर केला आणि स्वतःच्या नावाने रचना छापायला दिल्या. भावाने आशीर्वादाचं पत्र पाठवलं. त्याच हिवाळ्यात तिने डी मायनरमधला पियानो ट्रायो लिहिला. ११ एप्रिल १८४७ ला धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला तो घरी वाजला. १४ मे रोजी रविवारच्या मैफलीची तालीम घेताना तिचे हात बधिर झाले आणि रात्री ती गेली. पक्षाघात. वय ४१. फेलिक्स कोसळला. तिच्या आठवणीत त्याने एफ मायनरमधलं क्वार्टेट लिहिलं. ते ऐकलंत तर कळेल की तो माणूस किती सभ्य होता आणि त्या वर्षी किती फाटून गेला होता. तिच्या राहिलेल्या रचना प्रकाशकाकडे देण्याची खटपटही त्यानेच सुरू केली, आणि नोव्हेंबरात तोही गेला. ट्रायो १८५० मध्ये छापून आला. क्लाराचा ट्रायो फॅनीला अर्पण व्हायचा होता, पण तो छापून येईपर्यंत ती राहिली नव्हती.

आता सहीची गोष्ट. आमच्या नोकरीत नमुना सही हा प्रकार पवित्र. चेकवरची सही कार्डाशी जुळली नाही तर साक्षात चेअरमनचा चेक असला तरी परत. १९७० मध्ये पॅरिसमध्ये एका पियानो सोनाटाचं हस्तलिखित सापडलं. 'ईस्टर सोनाटा'. वर नाव, एफ. मेंडेल्सोन. लोकांनी काय गृहीत धरलं? एफ म्हणजे फेलिक्स. त्याच्या नावाने रेकॉर्डही निघाली. जाणकार म्हणाले, किती ताकदीचं, अगदी पुरुषी. फॅनीच्या कागदपत्रांत अशा सोनाटाचा उल्लेख आहे हे काहींना ठाऊक होतं, तरी शंका फेटाळली गेली. २०१० मध्ये अँजेला मेस या अमेरिकन संशोधक बाईंनी मूळ हस्तलिखित मिळवून पाहिलं. अक्षर फॅनीचं. आणि पानांवरचे क्रमांक? बर्लिनच्या ग्रंथालयात फॅनीच्या हस्तलिखितांची एक वही आहे, तिच्यातून काढलेल्या पानांच्या जागी ते नेमके बसतात. लेजरची गहाळ पानं सापडावीत तसं! मी हे वाचलं तेव्हा घरात एकटाच टाळी वाजवली. ही रचना एकट्या पियानोची आहे, आपल्या विषयाच्या थोडी बाहेरची, पण सही पडताळण्यात जन्म गेलेल्या माणसाला ती सोडवत नाही.

आणि बँकवाल्यांसाठी अजून एक. लुईझ फारांक, पॅरिस, जन्म १८०४. मुलींना रचनेच्या वर्गात प्रवेश नव्हता म्हणून ती रायखा नावाच्या गुरूकडे खाजगीत शिकली. १८४२ मध्ये पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात पियानोची प्राध्यापक झाली, ती थेट १८७३ पर्यंत. शिकवायचं फक्त मुलींच्या वर्गाला, आणि पगार पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी. काम तेच, तास तेच, पगार कमी. आठ वर्षं तिने सोसलं. मग तिने नऊ वाद्यांसाठी एक रचना केली, 'नोनेट'. पाच फुंकवाद्यं, चार तंतुवाद्यं. १८५० मध्ये ती पॅरिसमध्ये वाजली, वादकांत पुढे जगप्रसिद्ध झालेला तरुण योआखिम होता. लोकांनी डोक्यावर घेतली. आणि त्याच वर्षी बाईंनी संचालकांकडे लेखी अर्ज केला, समान वेतनाचा. मिळालं! युनियन नाही, संप नाही, एक नोनेट आणि एक अर्ज. आमच्या वेतन कराराला किती वर्षं लागायची ते मला विचारा.

तिचा नवरा वाद्यवृंदात बासरी वाजवायचा आणि प्रकाशक होता, त्यामुळे तिचं बरंचसं छापलं गेलं. चेंबर संगीताबद्दल अकादमीचं पारितोषिक तिला दोनदा मिळालं, १८६१ आणि १८६९ मध्ये. म्हणजे हिचं काम जिवंतपणी सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी ती विसरली गेली. मुलगी व्हिक्टोरीन गुणी पियानोवादक होती, ती १८५९ मध्ये तिशीतच गेली. त्यानंतर बाईंनी फारसं लिहिलं नाही. वाजवणारी पिढी पालटली, आणि फ्रान्समध्ये तेव्हा नाटकी संगीताचं वेड. शांत बसून ऐकायच्या रचनांना विचारतो कोण.

बाकीच्या नावांकडे धावती नजर टाकतो, कारण चहाची वेळ होत आली आहे. व्हेनिसची मादालेना लोंबार्दिनी. गरीब मुलींच्या आश्रमात व्हायोलिन शिकली, थोर वादक तार्तिनीने तिला धडे दिले, आणि तिची सहा क्वार्टेट्स १७६९ मध्ये पॅरिसला छापली गेली. बेटहोवन त्या वेळी जन्मलासुद्धा नव्हता. अमेरिकेतली एमी बीच. अठराव्या वर्षी सुमारे चोवीस वर्षांनी मोठ्या डॉक्टरशी लग्न, नवऱ्याची अट अशी की जाहीर कार्यक्रम वर्षाला एक-दोनच, तेही धर्मादाय. रचना मात्र कर म्हणाला. ती छापायची 'मिसेस एच. एच. ए. बीच' या नावाने, म्हणजे तिन्ही आद्याक्षरं नवऱ्याची! तिचं पियानो क्विंटेट मला जरा जड जातं, पण ते माझ्या कानाचं मर्यादापण असेल.

रेबेका क्लार्कची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय सोडत नाही. इंग्लंडची, व्हियोला वाजवणारी. १९१८ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या कार्यक्रमात तिच्याच इतक्या रचना होत्या की पत्रिकेत पुन्हा पुन्हा आपलं नाव बघून तिला ओशाळल्यासारखं झालं. म्हणून एका रचनेवर तिने 'अँथनी ट्रेंट' असं काल्पनिक नाव घातलं. बेनामी खातंच उघडलं म्हणा ना. झालं काय, तर वृत्तपत्रांनी ट्रेंटसाहेबांची दखल घेतली आणि बाईंच्या रचना बाजूला राहिल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेत व्हियोलाच्या रचनांची स्पर्धा झाली. नावं झाकलेली. ७२ प्रवेशिका. शेवटच्या दोनवर परीक्षकांची मतं समसमान पडली आणि आयोजक बाईंनी निर्णायक मत अर्नेस्ट ब्लॉखच्या पारड्यात टाकलं. दुसऱ्या रचनेचं पाकीट उघडलं तर आत रेबेका क्लार्क! लोकांनी अफवा उठवली की अशी कोणी बाई नाहीच, हे ब्लॉखचंच टोपणनाव असणार. एका बाजूला खोटा पुरुष खरा ठरला, दुसऱ्या बाजूला खरी बाई खोटी. तिने पुढे लिहिणं हळूहळू सोडलं. १९७६ मध्ये, तिच्या नव्वदीला, न्यूयॉर्कच्या रेडिओवर तिच्यावर कार्यक्रम झाला. कार्यक्रम करणारा गृहस्थ तिच्याकडे खरं तर दुसऱ्याच एका पियानोवादक बाईंबद्दल माहिती विचारायला गेला होता. आज व्हियोला शिकणारा एकही विद्यार्थी तिच्या सोनाटाला वळसा घालून पुढे जात नाही.

हे भाषण लिहीत असताना खालच्या कट्ट्यावर आमच्यात वाद झाला. एक मित्र म्हणाले, "अहो, चांगलं असतं तर टिकलं असतं. काळ बरोबर निवडतो." मला हे पटत नाही. काउंटरवर आलेली नोट खोटी निघाली तर परत करा. पण जी काउंटरवर येऊच दिली नाही ती खोटी होती, असं कसं म्हणणार? यातलं सगळंच थोर आहे असं माझं म्हणणं नाही. फारांकच्या काही रचना गोड आहेत, आणि गोडच आहेत. पण फॅनीचा ट्रायो भावाच्या ट्रायोंशेजारी ठेवून ऐका, आणि एफ कुठला ते ओळखा.

आता एक कबुली. हा भाग मी आधी लिहिलेला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी घरी मी हाच ट्रायो लावला होता. आमच्या सौ. मटार सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोणाचं आहे? चाल सोडत नाही ती बाई." बाईचं आहे हे मी सांगितलंही नव्हतं. मग मी उत्साहाने फॅनीची गोष्ट सांगितली, ती सहा गाणी, राणी, कबुली. ऐकून घेतलं. सोललेले दाणे बाजूला सारले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, आणि आपलं गणपतीचं स्वागतगीत?"

मंडळी, आपलं स्वागतगीत तुम्हा सर्वांना पाठ आहे. सोसायटीच्या दुसऱ्या वर्षापासून दर गणपतीत म्हटलं जातं. शब्द माझे. चाल तिची. अंतऱ्यात जो कोमल गंधार येतो आणि ज्याबद्दल तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला दाद दिली आहे, तो मला पेटीवर सापडलासुद्धा नसता. तेव्हा मी खजिनदार होतो, पत्रिकेचा मजकूर मी दिला. एक ओळ वाचावी म्हणून लिहिलं, 'शब्द व संगीत', आणि पुढे माझं नाव. ती म्हणाली होती, "राहू दे, काय फरक पडतो." दरवर्षी तीच पत्रिका, फक्त तारीख बदलून. तेवीस वर्षं मी दाद घेत आलो. लपवायची मलाही इच्छा नव्हती. फेलिक्सला निदान राणीसमोर तरी तोंड उघडावं लागलं, मला कोणी विचारलंच नाही.

आपल्या घरांच्या भाग प्रमाणपत्रांवर पहिलं नाव कोणाचं आणि दुसरं कोणाचं हे मी खजिनदार असताना पाहिलेलं आहे, त्यामुळे हा प्रकार फक्त आमच्याच घरात झाला असेल असं मला वाटत नाही. पण मी दुसऱ्याच्या घरात डोकावत नाही. माझी सेक्रेटरीसाहेबांना विनंती आहे की यंदाच्या पत्रिकेत दुरुस्ती करावी. तिचं नाव मी इथे माईकवरून घेणार होतो, तर तिसऱ्या रांगेतून सूचना आली की घ्यायचंच असेल तर उखाण्यात घ्या. तो तयार नाही. [हशा. — संपादकांनी विनंती मान्य केली असून स्वागतगीत याच स्मरणिकेत सुरुवातीला छापले आहे. संगीत कोणाचे ते तिथे पाहावे.]

आता ऐकवतो. फॅनीच्या ट्रायोचा तिसरा भाग. त्याला तिने नावच 'गीत' असं दिलं आहे, आणि तो जेमतेम दोन मिनिटांचा आहे. पियानो आधी म्हणेल, मग इतर दोघे येतील. नातवाचा स्पीकर लहान आहे, तेव्हा कोणीतरी कृपा करून पंखे बंद करा, आणि मागचं दारही लोटून घ्या.